नऊ नंबरचे तीन कॉल

२०२२ सालच्या नोव्हेंबरात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहा ठेवून फोन हातात घेतला तर त्याचं तोंड बदललेलं होतं. फोन करायचं हिरवं चित्र असायचं तिथे निळं आलं होतं. ते दाबलं तर आतही सगळं वेगळं. नावं ठळक झालेली, प्रत्येक नावापुढे एक रंगीत गोळा, आणि मध्ये भरपूर पांढरी मोकळी जागा. वर लिहिलं होतं, 'तुमचं नवीन फोन ॲप तयार आहे. आता सगळं अधिक सुटसुटीत.' खाली 'समजलं' एवढं एकच बटण. मला काही समजलं नव्हतं, पण ते दाबल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून दाबलं.

फोन लागतो की नाही हे पाहायला पुण्याच्या भाच्याला लावला. लागला. त्याला विचारलं, तर म्हणाला, अपडेट आला असेल आत्या, ते आपोआप होतं, दोन दिवसांत सवय होईल. मीही मग फार विचार केला नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरंच होतं. द्वारकाकडे जायचं होतं.

द्वारका ढोमणे आणि मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. साल अडुसष्ट. परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर माझी खुर्ची चौथी आणि तिची नववी. सुपरवायझर नावानं हाक मारत नसत. 'चार नंबर, नागपूर घ्या,' 'नऊ नंबर, अकोला सोडा.' आम्हीही एकमेकींना तसंच म्हणायला लागलो, आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी तेच चालू होतं. तिच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी मागून 'नऊ नंबर, बोला' म्हटलं होतं आणि तिच्या सासूबाईंनी मला वळून पाहिलं होतं.

आवाज तिचा. कापूसबाजारातले व्यापारी ट्रंक बुक करताना विचारायचे, नऊ नंबरच्या बाई आहेत का. त्याच बाईच्या गळ्याला २०१९ मध्ये कॅन्सर निघाला आणि नागपुरात तिची स्वरपेटी काढून टाकली. मानेवर एक भोक राहिलं, त्यातून श्वास. आवाज गेला तो गेलाच.

त्यानंतर ती एक वही बाळगायची, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. आणि फोनसाठी आम्ही दोघींनी आमची एक रीत बसवली. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. सकाळी उठली की ती मला एक मिस्ड कॉल द्यायची. त्याचा अर्थ, उठले, बरी आहे, फोन करू नकोस. लागोपाठ दोन आले तर सवडीनं ये. तीन आले तर हातातलं टाकून ये. मी फोन केला तर ती उचलायची आणि मी बोलायचं. उत्तर म्हणून ती नखानं फोनवर टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीन वर्षांत तीन कॉल दोनदाच आले होते. एकदा तिचा श्वास अडकला होता आणि एकदा न्हाणीत साप निघाला होता. दोन्ही वेळा मी रिक्षानं पंधरा मिनिटांत साईनगरला तिच्या दारात होते. फोन घरी ठेवून मी कुठे बाहेर गेले असले तरी आल्यावर आधी फोन बघायचा हा माझा नेम. तिच्या नावापुढे कंसात आकडा असायचा. आकडा नसला तर एकच कॉल, सगळं ठीक.

त्या बुधवारी दुपारी मी गेले तेव्हा ती व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून तिनं वही पुढे केली. लिहिलेलं तयारच होतं. तिचा मुलगा प्रफुल्ल सुरतला असतो. तो रविवारी तिला कायमचं न्यायला येणार होता.

"तुला जायचं आहे का?" मी विचारलं.

तिनं खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक केलं. मग पेन्सिल घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिली. सुरतच्या घरात आठव्या मजल्यावर राहायचं. शेजारी कोण हे माहीत नाही. इथे रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिच्या खुणा ओळखतो, तिथे पहिल्यापासून सगळ्यांना वही दाखवत बसायचं. आणि खाली लिहिलं होतं, 'मी अर्धी ओळ लिहीपर्यंत तो चार वाक्यं बोलून झालेला असतो. सून वही वाचते आणि हसून बाजूला ठेवते. दोघं चांगलीच आहेत. पण त्यांच्याशी भांडायला आवाज लागतो.'

मी म्हटलं, आवाज मी देते. प्रफुल्ल मला मावशी म्हणतो, त्याला मी मांडीवर घेतलेलं आहे. मी त्याच्यासमोर बसून सांगेन की तुझी आई येणार नाही, तिची सकाळ-संध्याकाळ बघायला मी आहे, आणि अगदीच वेळ आली तर ती माझ्या घरी येऊन राहील. ऐकेल तो.

'नक्की बोलशील?' तिनं लिहिलं.

"तो दारात आला की तीन दे. मी येते. मी आल्याशिवाय तू काही ठरवू नकोस."

तिनं एकदा टक केलं आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.

गुरुवारी सकाळी तिचा एक कॉल आला, मी ऐकला. शुक्रवारी मी पावणेसातलाच घराबाहेर पडले. डिसेंबरातल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, आणि तिथूनच पुढे बँकेत हयातीचा दाखला. नोव्हेंबरात सगळ्या पेन्शनरांची तीच गडबड असते. फोन घरी चार्जिंगला होता. फोन बरोबर घेऊन हिंडायची सवय मला नाही. फोन घरी असतो, माणूस बाहेर जातं, असंच आमचं सगळं आयुष्य गेलं. बँकेत अंगठा उमटेना, तीनदा यंत्र बदललं, आणि घरी यायला साडेबारा झाले.

आल्या आल्या फोन पाहिला. नव्या ॲपमध्ये एकच ओळ होती. जांभळा गोळा, त्यात 'द्वा', पुढे 'द्वारका', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आज'. कंसात आकडा नव्हता.

मी पिठलं-भाकरी केली, जेवले आणि आडवी झाले.

शनिवारी सकाळी कॉल आला नाही. सात वाजले, आठ वाजले. मी फोन लावला तर बंद. रिक्षा केली. द्वारकाच्या फाटकाला कुलूप होतं आणि व्हरांड्यातली खुर्ची उलटी करून भिंतीला टेकवलेली होती. समोरच्या घरातले तायडे फुलांना पाणी घालत होते. ते शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मला पाहून नळी खाली टाकून रस्ता ओलांडून आले.

"तुम्हाला माहीत नाही का?" ते म्हणाले. "कालच गेल्या ना त्या. पोरगा आला होता घ्यायला."

मी म्हटलं तो तर उद्या येणार होता. ते म्हणाले, त्याच्या कंपनीची गाडी नागपूरहून रिकामी परत जात होती, म्हणून तो दोन दिवस आधीच आला. साडेसातला गाडी दारात होती. पण द्वारका निघायला तयार होईना. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली ती बसलीच. पोरगा दोनदा आत-बाहेर झाला, मग तोही पायरीवर बसला.

"बाईंच्या हातात फोन होता," तायडे म्हणाले. "घडी घडी दाबून राहिल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, कोणाची वाट पाहून राहिल्या तुम्ही? मी लावून देऊ का फोन? तर त्यांनी मला चार बोटं दाखवली. मला वाटलं, गाडी चार वाजता निघणार असंन."

मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले.

"मग?"

"मग काय. बारा वाजले. त्या उठल्या, घरात गेल्या, आपली पिशवी आपणच घेऊन आल्या आणि गाडीत बसल्या. पोरगा काही बोलला नाही. मी पाहून राहिलो होतो, एक शब्द नाही बोलला तो."

प्रफुल्लचा नंबर त्यांच्याकडे होता. तिथूनच, त्यांच्याच फोनवरून लावला. तो म्हणाला, आई आहे, बरी आहे, प्रवासानं दमली आहे. मी म्हटलं तिच्या कानाला फोन लाव, मला बोलायचं आहे. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग तोच परत आला. "मावशी, ती नको म्हणते." त्याच्या आवाजात राग नव्हता. अवघडलेपण होतं, आणि ते मला जास्त लागलं.

घरी येऊन मी माझा फोन उघडून पुन्हा पाहिला. शुक्रवारची तीच एक ओळ. घडी घडी दाबत होती तर ते कॉल गेले कुठे?

त्याच दुपारी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. फोनच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, लिहून काही होत नाही. काउंटरवर रुबिना नावाची तिशीतली मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, बोलायला नीट. तिला मी सांगितलं की माझ्या फोनवर काही कॉल पोचलेले नाहीत, ते शोधून दे. तिनं फोन घेतला, द्वारकाच्या नावावर बोट ठेवून धरून ठेवलं, मग कोपऱ्यातला एक बारीक बाण दाबला, आणि फोन माझ्याकडे वळवला.

"पोचलेत ना आजी. हे बघा."

एकाखाली एक वेळा होत्या. सात चाळीस, सात एक्केचाळीस, सात एक्केचाळीस. मग आठ पंचवीस, पुन्हा तीन. मग दहा दहा, पुन्हा तीन. आणि शेवटी अकरा पंचावन्नला एक. फक्त एक.

"दहा आहेत," रुबिना म्हणाली.

मला त्या शेवटच्या एकाकडे बघवेना. तीन कॉल म्हणजे ये. तीनदा तिनं ये म्हटलं. आणि शेवटच्या एकाचा अर्थ आमच्या रीतीप्रमाणे एकच होता. बरी आहे, फोन करू नकोस.

"मग बाहेर एकच का दिसत होता?" मी विचारलं.

तिनं समजावून सांगितलं. कंपनीनं जुनं फोन ॲप बंद करून नवीन दिलं होतं. जुन्यात एकाच माणसाचे कॉल किती आले ते कंसात दिसायचं. नव्यात एका माणसाची एकच ओळ. आकडा काढून टाकला, वेळही आत नेली. "गर्दी होते ना आजी स्क्रीनवर. आता क्लीन दिसतं."

"कोणाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोणाला क्लीन दिसतं?" मी म्हटलं. "हा आकडा मी रोज बघत होते. तीन वर्षं बघत होते. तो काढायच्या आधी मला कोणी विचारलं?"

ती म्हणाली, तुम्ही 'समजलं' दाबलं असेल. मी म्हटलं, दुसरं बटण दाखव, मी ते दाबलं असतं. ती म्हणाली, जुनं ॲप परत आणता येत नाही, नवीनच डिफॉल्ट झालंय, म्हणजे फोननं तेच आपलं मानलंय. मी म्हटलं, फोन माझा की त्याचा? मागे रांगेतला एक माणूस हसला. मी त्याच्याकडे वळून पाहिल्यावर थांबला.

मग मी तिला आमच्याकडची गोष्ट सांगितली. सत्त्याऐंशी साली अमरावतीचे फोन नंबर चार आकड्यांचे पाच आकड्यांचे झाले. एकच आकडा वाढणार होता, तोही पुढे, सगळ्यांना सारखाच. तेवढ्यासाठी दोन महिने आधी छापील चिठ्ठ्या गेल्या. मग आम्हा बारा जणींना याद्या वाटून दिल्या आणि आम्ही प्रत्येक ग्राहकाला फोन करून सांगितलं. नुसतं सांगून भागत नसे, त्याच्याकडून नवा नंबर म्हणवून घ्यायचा. द्वारकाच्या यादीत एक म्हातारे वैद्य होते, ते म्हणायचे मला पाच आकडे पेलत नाहीत. तिनं त्यांना सलग आठ दिवस रोज फोन केला, नवव्या दिवशी त्यांनीच केला, नव्या नंबरावरून. आणि नंबर बदलल्यावरही तीन महिने जुना नंबर फिरवणाऱ्याला मध्येच थांबवून नवा सांगायला एक बाई बसलेली असायची. सरकारी खातं होतं आमचं, लोक आम्हाला शिव्या देत. पण एक आकडा हलवताना माणसं विचारात घेत होतो.

रुबिना ऐकत होती. शेवटी तिनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आजी, मलाही सकाळी माझा फोन बघूनच कळलं. आम्हाला कोण सांगतंय."

तिनं माझी तक्रार लिहून घेतली. लिहिताना विचारलं, नुकसान काय म्हणून टाकू. तिथे तीन पर्याय होते, बॅटरी, स्क्रीन, इतर. मी 'इतर' म्हटलं.

द्वारकाला मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, चित्र काढून लिहिलं. आधी ओळ कशी दिसायची, आता कशी दिसते. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. तीच टपोरी अक्षरं. 'पत्र मिळालं. कळलं. डोळ्याच्या ऑपरेशनची काळजी घे. वाकू नकोस.' एवढंच. चोपन्न वर्षांची ओळख असली की न लिहिलेलंही वाचता येतं. तिनं विश्वास ठेवला नव्हता.

डिसेंबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तशी मी संक्रांतीच्या आठवड्यात सुरतची गाडी पकडली. बरोबर तिळाचे लाडू होते आणि पर्समध्ये फोन. मी ठरवूनच गेले होते. बोलून पटत नाही ना, मग दाखवायचं. तिच्या हातानं मला तीन मिस्ड कॉल द्यायला लावायचे आणि माझ्या फोनवर एकच ओळ दिसते हे तिच्या डोळ्यांना दाखवायचं. जन्मभर यंत्रापुढे बसलेली बाई. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणार नाही.

प्रफुल्ल स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीत त्यानंच विषय काढला. "मावशी, मी तिला ओढून आणलेलं नाही. त्या दिवशी बारापर्यंत थांबलो मी. ती नाही म्हणाली असती तर रिकामा परत आलो असतो. घर तसंच आहे, किल्ली माझ्याकडे आहे. ती आत्ता म्हणाली तर उद्या सोडतो." तो खोटं बोलत नव्हता. मुलगा वाईट नाही हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

द्वारका वाळली होती. मला पाहून उठली, माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि ऑपरेशनचा डोळा उजेडाकडे वळवून पाहिला. रात्री आम्ही एकाच खोलीत झोपलो. प्रफुल्लनं माझा फोन त्यांच्या वायफायला जोडून दिला, घरी कळवायला बरं पडेल म्हणाला, आणि चार्जिंगला लावला.

सकाळी चहा झाल्यावर मी तिला समोर बसवलं. प्रफुल्ल आणि त्याची बायको दारात उभे होते. मी म्हटलं, बरं झालं, सगळ्यांनीच पाहा. माझा फोन प्रफुल्लकडे दिला आणि पलीकडच्या खोलीत ठेवून यायला सांगितलं.

"नऊ नंबर," मी म्हटलं, "मला तीन दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला नको होतं ते. मी तिचा फोन तिच्या हातात ठेवला. तिनं बटण दाबलं, पलीकडे घंटा वाजली, तिनं कापला. पुन्हा. पुन्हा. तीन.

"आता आण," मी प्रफुल्लला सांगितलं. आणि द्वारकाला म्हटलं, "बघ आता काय दिसतं ते. एकच ओळ, आकडा नाही."

प्रफुल्ल फोन घेऊन आला. चालताना तो स्क्रीनकडे बघत होता आणि त्याची पावलं हळू झाली. त्यानं फोन मला दिला.

जांभळा गोळा. द्वारका. आणि नावापुढे, कंसात, ठळक, तीन.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. तीन. खाली वेळही होती, मिनिटासकट. मी तो बारीक बाण शोधू लागले, तो नव्हता. मी म्हटलं हे काल नव्हतं, गाडीत होते तेव्हाही नव्हतं. प्रफुल्ल म्हणाला, मावशी, रात्री अपडेट झाला असेल, वायफायला होता ना. अगदी सौम्यपणे म्हणाला, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. त्याच्या बायकोनं खाली पाहिलं.

मी म्हटलं, अमरावतीच्या त्या रुबिनाला फोन लाव, ती सांगेल. मी यादीत खाली सरकत मागचे कॉल काढले, अकरा नोव्हेंबर काढला. आणि तोही तसाच, वेळेप्रमाणे ओळी पाडून दिसत होता. सगळ्यात वर नुसती द्वारका, तो शेवटचा एक. द्वारका, कंसात तीन. द्वारका, कंसात तीन. द्वारका, कंसात तीन. जणू पहिल्यापासून तसाच होता आणि मी तो पाहून, पिठलं-भाकरी खाऊन झोपले होते.

द्वारकानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला. वही ओढली. भरभर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

'नो रिप्लाय आपण किती जणांना सांगितलं, आठवतं?'

आठवत होतं. ट्रंकवर पलीकडचा माणूस अनेकदा म्हणायचा, मी नाही म्हणून सांगा. मुलगा बापाला टाळायचा, भाऊ बहिणीला. आम्ही इकडे गोड आवाजात सांगायचो, पार्टीकडून नो रिप्लाय. वाट पाहणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. द्वारकाइतकं ते कोणालाच साधत नसे.

"द्वारका, तसं नाही हे," मी म्हटलं. पन्नास वर्षांत तिला मी पहिल्यांदा नावानं हाक मारली असेल. "मी आले असते. मी धावत आले असते."

तिनं पान उलटलं. 'मला घंटा ऐकू येत होती. इकडे घंटा ऐकू आली म्हणजे तिकडे वाजली. हे मला नको शिकवू.' मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'तुझं वय झालं, मी ओझं. तू आली नाहीस ते बरोबरच केलंस. मी त्याच दिवशी सोडून दिलं. आता तूही सोड.'

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. आत्ता, आजच्याच गाडीनं. प्रफुल्ल सोडायला तयार आहे, किल्ली आहे, मी आहे. तुझं घर नको तर माझ्या घरी राहा.

तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर नखानं दोनदा टकटक केलं. मग तोच हात थोपटत राहिली.

मी परत आल्यावर रुबिनाकडे गेले होते. ती म्हणाली, खूप लोकांनी तक्रारी केल्या आजी, म्हणून त्यांनी आकडा परत आणला. कुठे लिहिलं आहे का तसं, मी विचारलं, चूक झाली होती म्हणून? तिनं शोधून दाखवलं. अपडेटच्या खाली एकच ओळ होती. 'काही किरकोळ सुधारणा.' मी तिच्याकडून ते कागदावर छापून घेतलं आणि सुरतला पाठवलं. त्यात तारीख नव्हती, आकड्याचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं. प्रफुल्लनं फोन करून कागद मिळाल्याचं कळवलं.

रुबिनानं पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली आणि बडनेऱ्याला स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. कोणाचा फोन बदलून गेला की ती आधी जुनं काय होतं ते विचारते, असं तिनंच मला सांगितलं. तायडे सर २०२४ च्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत मला म्हणायचे, मी ती चार बोटं ओळखली असती तर. मी त्यांना म्हणायची, तुमची काय चूक. साईनगरच्या घरात आता एक बँकेतलं जोडपं भाड्यानं राहतं. व्हरांडा त्यांनी जाळी लावून बंद केला आहे. प्रफुल्ल अजून सुरतलाच आहे आणि दिवाळीला न चुकता फोन करतो. माझा फोन तोच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्यावर पट्टी येते, नवीन अपडेट तयार आहे. खाली 'आता करा' आणि 'नंतर करा' अशी दोन बटणं असतात. नको म्हणायचं बटण अजून कोणी केलेलं नाही.

द्वारका २०२५ च्या फेब्रुवारीत गेली, न्यूमोनियानं, सुरतच्याच दवाखान्यात. मी पोचले तेव्हा दहावा झाला होता. प्रफुल्लनं मला तिची शेवटची वही दाखवली. दवाखान्यातली अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता येत होती. मला कळवायचं कसं, याबद्दल तिनं त्याला आणि सुनेला लिहून ठेवलं होतं.

'सरोजला लगेच सांगू नका, हळू सांगा. त्या दिवशी आली नाही म्हणून तिला अपराधी वाटतं. तिला सांगा, माझ्या मनात काही नव्हतं.'

प्रफुल्ल माझ्याकडे बघत होता. मी वही मिटून त्याच्या हातात दिली.